ताईच्या मापाचं डेस्क

आमचे बाबा सुतार होते. उंद्रीजवळच्या आमच्या गावात वखर, तिफण, दाराच्या चौकटी हेच त्यांचं काम. लिहायचं डेस्क त्यांनी आयुष्यात एकच केलं. मांडी घालून लिहायचं, उतरत्या झाकणाचं, आत वह्या ठेवायला जागा असलेलं. ते ताईसाठी होतं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सातवीत पहिली आली होती आणि जूनपासून उंद्रीच्या शाळेत जाणार होती.

चौकटीला बाबा पट्टी लावायचे, पण माणसासाठी करायच्या वस्तूला सुतळी. त्यांनी ताईला मांडी घालून बसवलं, जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. "मानूस खोटं बोलते, सुतळी बोलत नाही," असं ते नेहमी म्हणायचे.

मी दहा वर्षांचा होतो. मला ते डेस्क हवं होतं. याहून चांगलं कारण मला आजही सापडलेलं नाही.

एका दुपारी ताई आईबरोबर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला वावरात गेली होती. बाबा झाकणावर शेवटचा रंधा मारत होते. मी म्हणालो, "बाबा, ताई म्हणते, तिले आता शिकायचं नाही. आईच्या संगं वावरात जाईन म्हणते."

रंधा थांबला. "खरं बे?"

"हाव."

त्यांनी मला बसवलं, त्याच सुतळीवर खाली दुसरी गाठ मारली आणि डेस्कचे चारही पाय तीन-तीन बोटं कापले. संध्याकाळी ताई आली तेव्हा मी डेस्काशी बसलो होतो. तिनं कापलेल्या पायांकडे पाहिलं आणि हात-पाय धुवायला गेली. जूनमध्ये तिचं नाव कुठल्याच शाळेत घातलं नाही. दोन हात कामाला मिळाले, घरात कोणाचं काही अडलं नाही.

मी शिकलो, शिक्षक झालो. ते डेस्क वाळवीनं कधीच खाल्लं. ताई लग्न होऊन धाड या गावी गेली.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत वाकसाच्या दांड्याला ती सुतळी गुंडाळलेली सापडली. दोन गाठी. खालची माझी, वरची तिची. मी ठरवलं, आपल्या हातानं डेस्क करायचं, तिला द्यायचं आणि खरं काय ते सांगायचं. लहानपणी बाबांच्या हाताखाली लाकूड धरलं होतं, तेवढंच माझं शिक्षण. सागवानाच्या फळ्या आणल्या. पाच महिने रविवार त्यातच गेले. खिळा न मारता खाचेत खाच बसवायची होती. पहिले दोन कोपरे फाकले, ते टाकून पुन्हा कापले. पण उंचीची मला काळजी नव्हती. वरची गाठ होती.

जीपच्या टपावर बांधून ते धाडला नेलं. ताई अंगणात लसूण निवडत होती.

"हे काय आणलं, मास्तर?"

"तुह्यासाठी डेस्क. म्या सोता केलं."

"माह्यासाठी?" ती सुनेकडे पाहून हसली. "घे वं, सासू आठवीत चालली. डबा भर."

मी आग्रह केला म्हणून ती भिंतीला धरून खाली बसली. डावा गुडघा दुमडेना. पाय तसाच लांब ठेवून तिनं हात झाकणावर ठेवला, तर पाठीला पोक आलं.

"कोणाचं माप घेतलं?"

"तुहंच. बाबाच्या सुतळीवरून."

तिनं सुतळी हातात घेतली, गाठ चाचपली. "हे त्या पोरीचं हाय. मले तं आता खाली बसताबी येत नाही. एक फोन केला असता तं सांगितलं असतं, ताईले खुर्ची लागते."

मग मी त्या दुपारचं सांगितलं. घोकून ठेवलेलं सगळं दोन वाक्यांत संपलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "आईनं त्याच राती सांगितलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"कोणाले बोलू? तू बोलला न् बाबानं करवत घेतली. मी वावरातून येईपर्यंतबी थांबला नाही. तू तं दहा वर्साचं पोट्टं होतं, तुहं काय घेऊन बसू? पण आता पन्नाशीचा झाला न? आताबी मले न इचारताच करून आणलं."

मी म्हणालो, पाय वाढवून देतो, खुर्चीपुरतं उंच करतो. तिचं कोपर मोजायला सुतळी मागितली. तिनं हात मागे घेतला.

"राहू दे. आता माप नको घेऊ माह्यं."

सुतळी तिनं मला परत दिली. डेस्क ठेवून घेतलं.

भाऊबीजेला गेलो तेव्हा ते छपरीत होतं, आत झाकणापर्यंत लसूण. "उंदीर शिरत नाही," ती म्हणाली. "काम पक्कं केलं तू." तिनं ते मनापासून म्हटलं.

ओवाळताना ती खुर्चीवर होती, मी खाली पाटावर. ताट फिरवणारं तिचं कोपर माझ्या डोळ्यांसमोर होतं. सुतळी खिशातच होती. मी हात मांडीवर ठेवून बसलो.