तिसरा सेल्फ

हमीदचाचा गेले हे मला त्यांच्याच फोनवरून कळलं. बुधवार होता. दुपारच्या सुट्टीत मी शाळेतून घरी आलो आणि गाडीची चाबी फिरवली. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे सुनंदाला, माझ्या बायकोला, डायलिसिससाठी अंजनगावहून अमरावतीला न्यावं लागतं. म्हणून आदल्या दुपारी गाडी एकदा सुरू करून पाहायची, ही माझी सवय. त्या दिवशी सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, नुसताच कण्हला. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा इंजिन कसंबसं सुरू झालं. इंजिन तसंच चालू ठेवून मी अकोटला चाचांना फोन लावला आणि पलीकडून उचलल्याबरोबर बोलत सुटलो, "चाचा, बॅटरी गेली वाटते. सेल्फ उचलून नाई राहिला. उद्या गुरुवार हाय..." उत्तर त्यांच्या मुलीने दिलं, "मास्तर, मी नसीम. अब्बू गेले. आज बावीस दिवस झाले. तुमाले कोनीच सांगतलं नाई का?"

लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आधी आली ती भीती. आता बॅटरी कोण पाहून देणार? उद्या पहाटेचं काय? दोन शब्द बोलून मी फोन ठेवला आणि चालू इंजिनाजवळ उभा राहिलो. बावीस दिवस... तेवढ्यात मी सहा वेळा अमरावतीला जाऊन आलो होतो, चाचांनी बसवून दिलेल्या बॅटरीच्या भरवशावर. आणि चाचा त्यातल्या एकाही दिवशी या जगात नव्हते. सुनंदा दारात आली. माझं तोंड पाहून तिला आधी वाटलं, मलाच काही झालं.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती एका शाळेची जुनी व्हॅन. सहा वर्षांपूर्वी मी ती घेतली आणि अमरावतीच्या एका मिस्त्रीकडून तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं. निवृत्त झालो की दोघांनी त्या फिरत्या घरातून समुद्र पाहायला जायचं, असा बेत होता. गावात तिला 'मास्तरचा बंगला' म्हणतात. पुढच्याच वर्षी सुनंदाच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिसनंतर तिचा रक्तदाब इतका उतरतो की तिला बसवत नाही. एकदा भाड्याच्या कारने आणलं, तर ती वाटेतच बेशुद्ध झाली. ॲम्ब्युलन्स सांगू का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मी मेली नाई अजून. मायी गाडी हाय ना मले झोपून न्यायले." समुद्राचा विषय निघाला की ती हसते. "आधी अमरावती तर गाठत जा, मंग समुद्राचं पाहू." म्हणून ती गाडी सुरू होणं, न होणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. ज्या पहाटे ती सुरू होणार नाही, त्या पहाटेची मला पाच वर्षांपासून भीती वाटते.

चाचांची आणि माझी ओळख मात्र बॅटरीच्याही आधीची... नाही, बॅटरीचीच. माझे वडील अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी वीज जायची आणि चिमणीच्या धुराने माझे डोळे सुजायचे. वडिलांनी हे बसस्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात सहज बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी चाचांनी मला बोलावलं आणि ट्रकमधून काढलेली एक जुनी बॅटरी माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधून दिली, सोबत एक छोटा बल्ब आणि दोन चिमटे. मी म्हटलं, "चाचा, ही तर बेकार झाली ना?" ते म्हणाले, "ट्रकसाठी बेकार झाली. सेल्फ उचलत नाई ते आता. पन दिवा पेटवते. दर चार रोजानं आनत जा, चार्ज करून देतो." वर्षभर मी ती बॅटरी नेत-आणत राहिलो. पास झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर स्वतः सातवी नापास असलेला हा माणूस गल्ल्यामागून उठून उभा राहिला. त्या दिवसापासून ते मला 'तुमी' म्हणायला लागले. मला नोकरी लागायला अजून दोन वर्षं होती, पण त्यांच्या लेखी मी त्या दिवशीच मास्तर झालो. कंपनीचे इंग्रजी कागद आले की माझ्यासाठी ठेवून देत. "वाचा मास्तर, काय म्हनते सायेब." मी वाचून दाखवायचो, आणि त्याचा खरा अर्थ तेच मला समजावून सांगायचे.

एवढा शिकलेला मी, आणि चूक केली ती नेमकी वाचण्यातच. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सुनंदाची तब्येत बरी होती. शनिवारी चिखलदऱ्याला जाऊ, रविवारी परत, सोमवारी अमरावती, असं ठरलं. आदल्या दिवशी गाडीची बॅटरी बसली. चाचा लग्नासाठी अकोल्याला गेलेले. मी घरात पाहिलं, तर भारनियमनासाठी घेतलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी जवळजवळ नवी. गाडीच्या बॅटरीवर ऐंशीचा आकडा होता, हिच्यावर दीडशेचा. शिकलेला माणूस आकडे वाचतो. मी म्हटलं, दुप्पट ताकद! ती उंच होती, गाडीच्या खाचेत बसेना. मग सीटमागे ठेवली आणि लांब वायर जोडली. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. मी स्वतःवर खूश. "पाहा, घरातल्या घरात काम झालं," असं सुनंदाला सांगितलंही.

रविवारी सकाळी चिखलदऱ्याला हाडं गोठवणारी थंडी होती. चाबी फिरवली आणि सेल्फने एक हुंदका दिला. पुन्हा फिरवली. टक... टक... आणि मग तेवढंही नाही. आम्ही गावाबाहेर उताराच्या कडेला थांबलो होतो. खाली दरी, वर धुकं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागे पलंगावर सुनंदा दोन शालींमध्ये. तिने फक्त घड्याळ पाहिलं. सोमवार चुकला तर काय होतं ते आम्ही एकदा भोगलं होतं... पायांवर सूज, मग छातीत पाणी, आणि उशाशी बसून तिचा श्वास मोजणं. मी मोबाइल हातात धरून त्या रस्त्यावर धावत होतो. एका वळणावर रेंज मिळाली. चाचांना सगळं सांगितलं, इन्व्हर्टरचंही. मला वाटलं, रागावतील.

ते एवढंच म्हणाले, "आधी सुनंदाले खाली उतरव. एकदम खाली, रस्त्याच्या आतल्या आंगाले. मंग मायं आईक." किती तरी वर्षांनी त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं. चाबी चालू, क्लच दाबून दुसरा गिअर, हँडब्रेक सोड, गाडी उतरू दे, वेग आला की क्लच सोड. "इंजिन बंद हाय तोवर ब्रेक जड लागन. पहिल्यांदाच पुरा दाब, मांडीची ताकद लाव. भेव वाटन. वाटू दे. हात नको सोडू." सुनंदा डोंगराच्या बाजूला एका दगडावर बसली. मी हँडब्रेक सोडला. ती आवाज नसलेली गाडी दरीच्या बाजूने घरंगळायला लागली तेव्हा माझ्या तोंडातून काय निघत होतं, कुणाचं नाव घेत होतो, मला आठवत नाही. क्लच सोडला. गाडी थडथडली, जणू उलटणार, आणि इंजिनाने एकदम हंबरडा फोडला. पुढच्या वळणाआधी ती उभी राहिली. सुनंदा हळूहळू चालत आली, आत चढली आणि म्हणाली, "चाला. आता अकोटपर्यंत बंद करसान तर पाहा."

अकोटला चाचा दुकानाबाहेरच उभे होते, अकोल्याहून सकाळच्या बसने परतलेले. सीटमागची बॅटरी पाहून ते पोट धरून हसले. "मास्तर, वखराचा बैल शंकरपटात आनला का तू?" बाजूच्या चहावाल्यालाही बोलावून दाखवली. मग मला समोर बसवून, जसं मी पोरांना शिकवतो तसं, त्यांनी मला शिकवलं. शेतात वखर ओढणारा बैल दिवसभर चालतो, पण शंकरपटाच्या शर्यतीत तो उपयोगाचा नाही. पटाचा बैल काही क्षणांत सगळी ताकद लावतो, मग त्याला दम खाऊ द्यावा लागतो. घरातले दिवे, पंखा चालवायला वखराचा बैल. इंजिन उचलायला पटाचा. "आन मोठा आकडा पाहून भुलू नको. आधी जागा पाय, खाचेत बसते का. मंग पाय, प्लस कोन्या बाजूनं हाय. मंग कोन्या महिन्यात बनली ते पाय. दुकानात बसून बसून बॅटरी म्हातारी होते, मान्सासारखी." नवी बॅटरी त्यांनी स्वतः बसवली, पट्टी आवळली, बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलं 'मास्तर', खाली तारीख. मग मला चाबीवर बसवलं आणि स्वतः गाडीकडे पाठ करून उभे राहिले. ही त्यांची रीत. "मार सेल्फ. बंद कर. पुन्ना मार." पहिल्या दोन सेल्फवर ते काहीच बोलत नसत. तिसरा ऐकायचे, मान खाली घालून, आणि मग मागे न वळता म्हणायचे, "जा आता." पाठ का करता, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "डोळ्याले नवी बॅटरी दिसते. कानाले नाई दिसत."

तर त्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुनंदा म्हणाली, मीही येते, चाचाच्या घरी तोंड दाखवायला नको का? वाटेत इंजिन बंद पडलं तर, हा विचार करत अंजनगाव ते अकोट मी गाडी एकदाही थांबवली नाही. दुकानाचं शटर नसीमने उघडलं. ती अकोल्याला सासरी असते, सध्या आईजवळ आहे. तिने सांगितलं, चाचा दुपारची नमाज पढून खुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत. सुनंदाने तिला जवळ घेतलं. मी गल्ल्यासमोर उभा होतो. रडावं की बॅटरी पाहावी, मला कळत नव्हतं. बाहेर गाडी चालूच होती.

माझ्या गाडीच्या मापाच्या दोनच बॅटऱ्या होत्या. एकीवरचा आकडा मोठा, वेष्टन झगमगीत. दुसरी साधी, जुन्या बॅटरीएवढ्याच आकड्याची. माझा हात मोठीकडेच गेला. ताकद जास्त असलेली बरी, सुनंदाचा जीव आहे... मी नसीमला विचारलं, "तुले काय वाटते?"

"मले बॅटरीतलं काई समजत नाई, मास्तर," ती म्हणाली. "अब्बू इतकंच म्हनत, गिऱ्हाईक भेलं असलं का मोठीच मांगते."

मी हात मागे घेतला. खाली बसून दोन्हींवरचा महिना वाचला. मोठी चौदा महिन्यांपासून तिथे बसली होती, साधी दोन महिन्यांपूर्वीची. चाचांचं मीटर खिळ्याला टांगलेलं होतं, त्याच्या वायरींना त्यांनीच गुंडाळलेली चिकटपट्टी. मोठीवर लावलं, काटा बाराच्या जरा पुढे जाऊन थांबला. साधीवर लावलं, तो साडेबारा ओलांडून गेला. प्लसची बाजूही हिचीच जुळत होती. मी साधी उचलली. पण ती बसवायची तर आधी इंजिन बंद करावं लागणार होतं. बंद केल्यावर जुनी बॅटरी ते पुन्हा सुरू करणार नव्हती, आणि नवीने केलं नाही तर सुनंदा अकोटच्या रस्त्यावर, आणि उद्या गुरुवार. मी चाबीला हात लावून किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी सुनंदानेच खिडकीतून वाकून चाबी फिरवली आणि इंजिन बंद केलं. "उतरा," ती म्हणाली, "आन चाचानं सांगतलं तसं करा."

मायनस आधी सोडायचा, शेवटी जोडायचा. खाच, पट्टी, पाना... हात चुकले नाहीत. मग सुनंदाला चाबीवर बसवून मी गाडीकडे पाठ केली. समोर दुकान होतं, त्यांची रिकामी खुर्ची होती. "मार," मी म्हणालो. गाडी सुरू झाली. "बंद कर. पुन्हा." तिसरा सेल्फ वाजला, कोरडा, एका झटक्यात. मी मान खाली घालून तसाच उभा राहिलो. मी 'जा आता' ऐकण्याची वाट पाहत होतो, हे मला थोड्या वेळाने कळलं. त्या रस्त्यावर मी तेव्हा रडलो.

जुनी बॅटरी नसीम घेत होती, नवी घेताना जुनी द्यायचीच असते. पण तिच्या बाजूला पांढरी अक्षरं होती. नसीमने ती पाहिली आणि स्वतःच माझ्याकडे परत सरकवली. आता ती चार्ज करून मी गाडीत पलंगाखाली पट्टीने आवळून ठेवली आहे. तिला दोन चिमटे लावून सुनंदाच्या उशाशी एक छोटा बल्ब जोडला आहे. सेल्फ उचलत नाही, पण दिवा पेटवते.

भीती गेलेली नाही. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला, त्या दिव्याच्या उजेडात सुनंदाची पिशवी, फाइल, पाण्याची बाटली ठेवली की ती पुढे येऊन चाबीवर बसते आणि मी अंगणात गाडीकडे पाठ करून उभा राहतो. ती तीनदा सेल्फ मारते. तिसऱ्यानंतर मी जरा जास्तच वेळ थांबतो. मग मागून तिचा आवाज येतो, "झाले तीन. अवो, जा म्हनाले ते. बसा आता."