गोळी लिहिणाऱ्याला विचारलेला जाब

वडूजच्या मनुबाई फडतरे घरी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायच्या. संधिवातानं बोटं आखडली आणि मशीन बंद पडलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. त्या गोळीनं बोटं सुटली, मशीन सुरू झालं. पण गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं आणि तोंड इतकं सोलून निघायचं, की आमटीचा घोटही घेववत नसे. वर्षभरात दोनदा सांगितलं, तर डॉक्टर मान वर न करताच म्हणाले, "एवढं चालायचंच."

गेल्या थंडीत ताप आला. तापातही मनुबाईंनी नेमानं गोळी घेतली आणि न्यूमोनिया होऊन आठ दिवस दवाखान्यात पडल्या. तिथली नर्स म्हणाली, "मावशी, या गोळीनं रोगाशी लढायची ताकद कमी होते. ताप आला की आधी डॉक्टरांना विचारायचं. कुणी सांगितलं नाही?"

बऱ्या होताच मनुबाई थेट साताऱ्याला गेल्या.

"आवं डाक्टर, कापड धुतल्यावर आटणार असंल, तर मी बाईला शिवायच्या आधी सांगते. तुमी माज्या जिवाचं एवढंबी सांगितलं न्हाई?"

मग डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, डोस बदलला, तोंडासाठी वेगळी गोळी दिली. तापात काय करायचं, ते मनुबाईंनी त्यांच्याकडून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून घेतलं आणि बाहेर बाकावरच्या बायकांना वाचून दाखवलं.

तोंड महिन्याभरात बरं झालं. वर्षभर उगाच सोसलं, हा राग मात्र अजून गेलेला नाही.