सर्वानुमतेला आबांचा विरोध

‘सर्वानुमते’ हा शब्द कानावर पडला की आमदारांचा हात वर जायचा. गणपती मंडळाची बैठक असो, देवळाच्या कळसाचा रंग ठरवायचा असो, नाहीतर खुद्द त्यांच्याच सत्काराचा ठराव असो. सत्काराच्या दिवशी हारवाले पुढे सरसावले तर हे खुर्चीवरून म्हणाले, "सर्वानुमते कसं काय? मला इचारलं का? माझा इरोध लिहा." विरोध लिहून झाल्यावर मात्र शाल निमूट पांघरून घेतली. शाल चांगली होती.

लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावातून फार पूर्वी ते एकदाच आमदार झाले आणि पुढच्याच निवडणुकीत पडले. तरी गाव माघारी त्यांना आमदारच म्हणायचं. तोंडावर कुणी साहेब म्हटलं की भडकायचे. "साहेब तहसीलात बसतेत. मला आबा म्हणा." एसटीत आमदारांसाठी राखलेल्या जागेवर ते कधी बसले नाहीत. उमरग्यापर्यंत दांडा धरून उभे राहायचे आणि दिसेल त्याला विचारायचे, तुमच्याकडं पाण्याचं कसं हाय?

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घरासमोरच. सकाळी पेपर घेऊन ते माझ्या पायरीवर बसत. वाचत कमी, पेपराशी भांडत जास्त. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, सरकार करायलंय की काम. तुमी कशाला डोकं शिणवायलाव?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सरकार म्हंजे सालगडी हाय, पोरी. गडी कितीबी गुणाचा असू दे, मालकानं रोज रानात चक्कर मारावीच लागती. मालक झोपला की गडीच मालक व्हतोय." मी मशीन चालवत राहिले, पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही.

मग सरपंचाची निवडणूक आली. गावाने ठरवलं की आबांचा मान राखायचा आणि त्यांच्या मुलाला, भास्करला, बिनविरोध सरपंच करायचं. बिनविरोध झालात तर जादा निधी देतो, असा शब्द एका पुढाऱ्यानेही दिला होता. आमच्याकडे अशा वेळी महादेवाच्या देवळात बैठक होते. एकेकाने पिंडीवरचा बेल-भंडारा उचलायचा आणि दुसरा अर्ज भरणार नाही अशी शपथ घ्यायची. सगळ्यांनी उचलला. ताट आबांपुढे आलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"अर्धं गाव चुलीपुढं बसलंय," ते म्हणाले. "बायांना इचारलं न्हाय, वस्तीवरच्यांना बोलावलं न्हाय, अन् गाव एक झालं म्हणायलाव? निजामाच्या राज्यात सगळं बिनविरोधच असायचं. माझ्या बापाला मान वर करून बोलायची सोय नव्हती. ते राज्य काय माझ्या पोराला फुकट खुर्ची मिळावी म्हणून घालवलं?"

"आबा, पोरगं तुमचंच हाय की!" कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर," आबा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

शपथेच्या बाहेर राहिलेला बैठकीतला माणूस एकटा तोच. दुसऱ्या दिवशी जीपने लोहाऱ्याला जाऊन त्यांनी मुलाविरुद्ध स्वतःचाच अर्ज भरला. गाव खवळलं. निधी गेला म्हणून पारावर त्यांना पाहताच माणसं उठून जाऊ लागली. भास्करने बापाशी बोलणं सोडलं. चिन्ह म्हणून त्याला छत्री मिळाली होती आणि आबांना कपबशी. आबांची बायको, आमच्या काकू, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चहा कपबशीतनं देते, पण मत छत्रीलाच." यावर सगळ्यांत मोठ्याने आबाच हसले. त्यांची ती खोड मला फार आवडायची.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, म्हणून मीच सांगते. निवडणूक लागली म्हणूनच भास्कर माझ्या उंबऱ्यावर मत मागायला आला. गावाबाहेरच्या वस्तीवरही गेला, आणि तिथल्या बायांनी त्याच्याकडून नळाचा शब्द घेतला. बिनविरोध सरपंचाला ती वाट कशाला सापडली असती?

आबा सपाटून पडले. गुलाल भास्करवर उधळला गेला आणि आबा माझ्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गूळ वाटत होते. मी म्हटलं, "आबा, पडलाव की तुमी!" म्हणाले, "पडलो, पण मोजून पडलो. बास."

पहिल्याच ग्रामसभेत ते उभे राहिले. "सरपंच, वस्तीवरच्या नळाचं काय केलंत?"

भास्कर लाल झाला. "आबा, घरी बोलू."

"घरी मी तुमचा बाप हाय. हितं मतदार हाय. हितंच बोला."

मुलाला ‘तुम्ही’ म्हणणारा बाप सभेने पहिल्यांदाच पाहिला. भास्करला उत्तर द्यावं लागलं. पुढच्या ग्रामसभेतही आबांनी तेच विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही. अखेर वस्तीवर पाणी आलं. त्या दिवशी भास्कर घरी जाऊन आपण होऊन बापाशी बोलला, असं काकूंनी मला डोळे पुसत सांगितलं.

यंदा आबा गेले. उमरग्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा आवाज खोल गेला होता, पण हुकूम तसाच. "माझ्या नावाचा दगड कुठं बसवू नका. सरकारी इमारतीवर माणसाचं नाव आलं की लोक तिथं भांडायचं सोडतेत, पाया पडायला लागतेत." तेव्हा मला रडू आवरलं नाही.

महिन्याभरातच ग्रामसभा भरली. ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहाला आबांचं नाव द्यायचा ठराव भास्करनेच मांडला. ग्रामसेवक वाचू लागले, "सर्वानुमते..." आणि माझा हात वर गेला.

"माझा विरोध आहे."

सगळ्या सभेने माझ्याकडे वळून पाहिलं. आबा जिच्या पायरीवर बसायचे तीच बाई आबांच्या नावाला विरोध करते, हे कुणाच्या पचनी पडेना. कुणीतरी "बस खाली" म्हणालं. मी बसले नाही. दवाखान्यातलं त्यांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. भास्कर ग्रामसेवकांना म्हणाला, "विरोध लिहून घ्या. अन् हात मोजा."

हात मोजले. मी सपाटून पडले.

आता सभागृहावर त्यांच्या नावाची पाटी आहे. दर ग्रामसभेला मी बरोबर तिच्याखाली जाऊन बसते, आणि ‘सर्वानुमते’ ऐकू आलं की आधी विचारते, कुणाकुणाला विचारलंत? येणारेजाणारे पाटीला हात जोडतात. मी त्या पाटीच्या अजून एकदाही पाया पडलेले नाही.