खसब ते दिब्बा, अर्धा तास

नव्वदच्या दशकात मी खसबच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होते आणि माझा नवरा दिब्ब्याच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. दोन्ही गावं ओमानच्या पार उत्तरेला. लग्नाला वर्ष झालं होतं. वसईला सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "दोघं एकाच देशात आहेत, आता कसली काळजी!"

छोट्या विमानानं खसबहून दिब्बा अर्ध्या तासावर. पण विमान रोज नसायचं, आणि असलं तरी सीट मिळेलच असं नव्हतं. रस्त्यानं जायचं तर मध्ये अमिरातीची हद्द लागायची, तिचा व्हिसा आमच्याकडे नव्हता. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी एकदा भेट, बाकी सगळा संसार फोनवर.

एका सकाळी एका म्हाताऱ्या बाईला बोटीतून आणलं. तिच्या गावाला रस्ताच नव्हता. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, दुपारच्या विमानानं हिला मस्कतला न्यायचंय. तुम्ही सोबत जा."

ते विमान वाटेत दिब्ब्याला थांबायचं. मी वॉर्डातूनच नवऱ्याला फोन लावला.

"आजच्या विमानात मी आहे."

"उतरतेस?"

"नाही रे, पेशंट आहे सोबत. पंधरा मिनिटं थांबेल, तेवढंच."

"येतो," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

विमानात दोन-तीन सीट काढून स्ट्रेचर बसवलं होतं. म्हातारीच्या मुलाला जागा मिळाली नाही, तो मागाहून येणार होता. सलाइनची बाटली टांगायला नीट सोय नव्हती, म्हणून मी ती हातात धरून बसले. माझं दुसरं मनगट म्हातारीनं घट्ट पकडलं होतं.

दिब्ब्याला दार उघडलं. खाली नवरा उभा, अंगात लॅबचा कोट तसाच, हातात जेवणाचा डबा. मला उठता येईना.

"कोण तो?" म्हातारीनं अरबीत विचारलं.

"माझा नवरा."

"मग इथे काय बसलीस? जा!"

"तुम्हाला सोडून नाही जाता येत."

तिनं पडल्या पडल्याच पायलटला हाक मारली, "यल्ला, चल लवकर, त्याला वर घे!" पायलट परदेशी, पण त्याला कळलं. हसून त्यानं खूण केली.

नवरा वाकून आत आला. म्हणाला, "जेवलीस?"

"नाही."

"बाटली दे इकडे."

तो बाटली धरून उभा राहिला आणि मी त्याच्या डब्यातलं चपाती-अंडं खाल्लं. म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती. "चांगला वागतो का?" तिनं विचारलं. "कधी कधी," मी म्हटलं. ती हसली, आणि हसताना कळ आली म्हणून विव्हळली.

तीन दिवसांनी मी मस्कतहून परत निघाले. त्या दिवशी वारा इतका होता की विमान दिब्ब्याला उतरलंच नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. "आवाज ऐकला विमानाचा. धुळीत दिसलं मात्र नाही."

नव्या माणसांनी बदली मागू नये असं सगळे सांगायचे, म्हणून आम्ही गप्प होतो. त्याच संध्याकाळी मी त्याला खसबला आणावं असा अर्ज लिहायला बसले. आठ महिन्यांनी त्याची बदली खसबला झाली. दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन तो विमानातून उतरला.

पहिले काही दिवस विचित्रच गेले. फोनवर आम्ही भरभरून बोलायचो, आणि आता जेवायला समोरासमोर बसलो की मला एकदम लाजल्यासारखं व्हायचं. सवय व्हायला महिना तरी लागला.