वेल्सच्या खेळाडूचा उजवा हात

“त्या भिंतीवर डावा पंजा थोटा, ह्या भिंतीवर उजवा. मधल्या मधी बोटं फुटली व्हय ह्याला?”

शिडीवरचा फिटर खालच्या जोडीदाराला म्हणाला. दोघंही सांगलीकडचे, आखातातल्या बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पात राहणारे. मी त्यांच्याशी तुटक हिंदीत बोलायचे. मला मराठी कळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी वळून दोन्ही भिंतींवरचे फोटो पाहिले.

फुटबॉलच्या त्या प्रदर्शनात वेल्सकडून अगदी सुरुवातीच्या काळात खेळलेल्या एका विंगरवरचा विभाग तयार करण्याचं काम माझ्याकडे होतं. पोरवयातच कोळशाच्या खाणीत उतरलेला, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गमावलेला. आठवडाभर जमिनीखाली, शनिवारी मैदानावर. देशाकडून पहिला सामना खेळला, त्याच्या आदल्या दिवशीही तो खाणीत पाळीवर होता. पुढे गुडघा गेला आणि तो पुन्हा खाणीतच परतला. दोन महिने मी त्याच्याबद्दल वाचत होते.

अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून डिझायनर इंग्रजी पॅनेलची मांडणी आरशासारखी उलटवून अरबी पॅनेल करतो. फोटो तेवढा परत सुलटा करायचा. तो राहिला होता. मी मजकूर तपासला आणि ‘अप्रूव्ह्ड’ लिहून मोकळी झाले. प्रोबेशन संपायला नऊ दिवस होते. नोकरी गेली की व्हिसाही जाणार होता.

कोणाच्या लक्षात येणार, असं मी स्वतःला सांगत होते, तोवर मॅनेजर आला. पुण्याचा माणूस, पण माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणारा. त्याने दोन्ही भिंती पाहिल्या.

“लावायच्या आधी ताडून बघायचं असतं ना रे?”

“वरनं पास हून आलं हुतं, साहेब.”

“वर काय आंधळे बसलेत? खलास. गेट पास काढ, उद्यापासून येऊ नकोस.”

फिटर शिडीवरून उतरला. गळ्यातली पासाची पट्टी काढू लागला. ती कॉलरमध्ये अडकली. जोडीदार शिडी मिटू लागला.

इंग्रजी वाक्य मनात दोनदा जुळवलं, दोन्ही वेळा अर्ध्यावर विस्कटलं. मॅनेजरने हात पुढे केला.

“सर, त्यांचा पास घेऊ नका. वर मीच होते. मी फोटो बघितलाच नाही.”