साडूंचं प्रवाळ आणि डावा कौल

समुद्राला घरात आणून शिस्त लावणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच आहे आणि तो माझ्या नात्यातला आहे. माझे थोरले साडू डिचोलीला राहतात. आयुष्यभर त्यांनी एका खाणीच्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तपासले. खाण बंद पडली, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, पण मोजूनमापून करायची खोड काही गेली नाही. मग त्यांनी बैठकीच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी मांडली आणि तिच्यात मऊ प्रवाळ वाढवायला घेतलं. हा दगडाला धरून राहणारा, छत्रीसारखा पसरणारा जिवंत प्राणी. नीट कापला तर एकेका तुकड्याचं नवं प्रवाळ होतं. त्यांचं पहिलं प्रवाळ पुण्याच्या एका हौशी माणसाने आपल्या टाकीत वाढवलेलं होतं. मोरजीचा समुद्र तासाभरावर असताना हे गृहस्थ विकतचं मीठ तोलून गाळलेल्या पाण्यात विरघळवतात. मी एकदा किनाऱ्यावरून एक सुंदर दगड उचलून नेला, तर त्यांनी तो तसाच परत केला. म्हणाले, "समुद्रातलां समुद्रात रावूं दी. आमी हांगा फकत वाडयतो."

टाकीच्या खोलीत अगरबत्ती नाही, धूप नाही, डासांची कॉइल नाही. चवथीला गणपती आणि त्याच्यावरची फळापानांची माटोळीही बैठकीत नाही, आतल्या खोलीत असते. त्यावर नातेवाईक कुरकुरले तेव्हा ते म्हणाले, "गणपतीक सांगलां मी. तो समजून घेता." तुकडे करण्याच्या दिवशी तर घरात शस्त्रक्रियाच असते. हातमोजे, चष्मा, पोरंटोरं बाहेर, दार बंद. ह्या प्राण्यांच्या चिकात विष असू शकतं, डोळ्यांत उडालं तर डोळा जायचा. कापायचं टाकीत नाही, वेगळ्या टबात. पातं नवं, आणि एकाच ओढीत आरपार. चिकामुळे गोंद धरत नाही, म्हणून तुकडा खडकावर ठेवून वरून मच्छरदाणीचं फडकं सैल बांधायचं. टबातलं पाणी टाकीत परत घालायचं नाही. त्यानंतर आठ दिवस कापलेलं प्रवाळ अंग चोरून बसतं आणि तेवढे दिवस हे घरात हळू आवाजात बोलतात. शेजारणीने एकदा विचारलंही होतं, घरात कोणी बाळंत झालंय का.

आणि मीठ तोलून घेणारा हा माणूस कापण्याआधी गावच्या देवाचा कौल घेतो. मूर्तीला पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. मी चेष्टा केली तर म्हणाले, "प्रयोगशाळेत सुद्धां आमी नमुनो दोनदां तपासताले."

गेल्या दिवाळीपासून मात्र देवाने उजवा कौल द्यायचं सोडूनच दिलं. पेडण्याला माझ्या घरी मी लहानशी टाकी केली होती आणि तिच्यासाठी एक तुकडा मागत होतो. दर वेळी उत्तर एकच, "डावो पडलो." देवाशी कोण वाद घालणार? मीही गप्प बसलो.

मग एका रविवारी गेलो तर त्यांचं सगळ्यात जुनं प्रवाळ, ज्याचे तुकडे अर्ध्या तालुक्यात गेलेत, ते बुडख्याशी कुजायला लागलं होतं. कूज दिसली की त्याच दिवशी वरचा चांगला भाग कापून काढायचा, नाहीतर सगळंच जातं, हा नियम त्यांनीच मला दहादा सांगितलेला. मी म्हटलं, "भावजी, आज तरी कापूया."

"डावो पडलो," ते टाकीकडे बघत म्हणाले.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले. "कसलो डावो? चार म्हयने तुमी देवळाची पायरी चढूक नाय."

 मग साडूंनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. "ह्या हातान पातां कसां धरू? देवाचां नाव घेतलां की कोण विचारना." चार महिने मी त्यांना तुकडा मागत होतो, ह्याची मला भयंकर लाज वाटली.

त्यांनी आधी सकाळी पाववाल्या पोदेराने दिलेल्या उंड्यावर, म्हणजे गोल पावावर, माझा हात बसवून घेतला. "दाबू नकात, ओढा." चार उंडे वाया गेल्यावर पाचव्याला ते हं म्हणाले. मग आम्ही दोघांनीही हातमोजे आणि चष्मे घातले. मी प्रवाळ टबात घेतलं आणि ते माझ्या खांद्यामागे उभे राहिले. "आनी जरा वयर... हां." मी ओढलं. कुजका बुडखा एका बाजूला पडला, वरचा भाग स्वच्छ निघाला. त्याचे आम्ही तीन तुकडे केले.

एक तुकडा मेला. बाकीच्या दोन तुकड्यांनी खडक धरला. महिन्याने त्यातला चांगला तुकडा त्यांनी पिशवीत पाणी भरून माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो. माझ्या हाताखाली शेवाळसुद्धा धड जगत नाही. ते फाटकापर्यंत आले. "वर्सान ह्याचे तुकडे करूचे पडतले," म्हणाले. "त्या दिसा माका बोलवा. मी काय हात लावचंय नाय. फकत बघतलंय."

मी हो म्हटलं. तोवर ते जगवायचं माझ्यावर आहे, आणि खरं सांगतो, मला फार भीती वाटते.