मँचेस्टरचे पोहे

काय सांगू तुम्हाला, आजही आठवलं की कान गरम होतात! स्वातंत्र्यानंतर मध्यभारत राज्य होतं, त्या दिवसांतली गोष्ट. मी जुन्या इंदुरातला, कापड मिलच्या बिजली खात्यात इंजिनिअर. मिलनं सहा महिने शिकायला विलायतेत धाडलं, मँचेस्टरला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. निघताना बायकोनं पेटीत पोह्यांची थैली अन् बिजलीची सिगडी भरली.

"पोहे करून खात जा, म्हणजे घरची आठवण नाही येणार," म्हणाली.

आता सांगा, पोह्यांनी आठवण कमी होते का वाढते?

दिवाळी आली, ती नेमकी रविवारी. बाहेर धुकं, दुपारीच अंधारलेलं. मनात आलं, ही आत्ता अंगणात रांगोळी काढत असेल. माझ्यावाचून! बस, पोहे करायचेच.

सिगडी काढली. प्लगला दोन गोल पिना, भिंतीत तीन चौकोनी भोकं! शेजारच्या खोलीतला दुबे, आपल्या इंदुरजवळच्या देपालपुरचाच, दारातून म्हणाला, "रहने दो भिया, कल बाजार से अडॅप्टर ले आना."

"उद्या दिवाळी आहे का? अन् मी इंजिनिअर आहे, मला शिकवतोस?"

खुर्चीवर चढलो. छताच्या होल्डरला दुहेरी होल्डर लावला. एकीकडे बल्ब, दुसरीकडे सिगडी! बल्बाची ती बारीक वायर, तिच्यावर वीस बल्बांचं ओझं. अर्थिंगचं तर नावच नको. मिलमध्ये कुणी असं केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं!

मोहरी तडतडली, कांदा पडला. काय तो वास! मी डोळे मिटले, थेट घरी पोचलो.

अन् मग दुसराच वास आला. वायर जळत होती! मी बटणाकडे धावलो, तोच फट्! अख्खं घर अंधारात.

खाली राहणाऱ्या इंग्रज घरमालकीणबाईंना वाटलं, बिजली कंपनीचाच घोटाळा. त्यांनी कंपनीला शिव्या घालत गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. मी वर दाराला कान लावून. त्यानं फ्यूज बदलला, हवेत वास घेतला. "बाई, कुठंतरी जळलंय."

"मग काळजीच नको!" बाई अभिमानानं म्हणाल्या. "वर हिंदुस्थानचे बिजली इंजिनिअर राहतात. त्यांनाच दाखवू."

दोघं वर आली, दार उघडलं. माझ्या हातात कढई, डोक्यावर लोंबणारा काळा होल्डर! मेकॅनिकनं होल्डर पाहिला, मला पाहिलं, अन् अदबीनं टोपी काढली. "साहेब, हा गाढवपणा कुणाचा असेल?"

"माझा."

मागे दुबे खोकल्याच्या नावाखाली हसत होता. बाई मात्र लालबुंद. मी म्हटलं, "आज आमचा मोठा सण आहे. घरी बायको..."

बाईंनी कढईत डोकावून पाहिलं अन् म्हणाल्या, "चला खाली. माझ्या गॅसवर करा."

पोहे झाले. पहिलाच घास घेतला अन् डोळे वाहू लागले, थांबेचनात. बाईंनी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. मिरची फार झाली."

त्यांनी भीतभीत चमचाभर चाखले. जरा विचार केला, अन् म्हणाल्या, "पण ह्यात तुम्ही मिरची टाकलेलीच नाही. मीठसुद्धा नाही!"